छावणीतल्या बंगल्याचे पाच मालक

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. माझी धाकटी बहीण परभणीला असते. तिला मी रोज संध्याकाळी फोन करते आणि माझ्या दाढेच्या ठणक्यापासून शेजारच्या सासू-सुनेच्या भांडणापर्यंत सगळं सांगते—हे सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो गेला तेव्हा हे घडून चार वर्षं उलटली होती, आणि शेवटचे पंधरा दिवस मी त्याच्या उशाशीच बसून होते. म्हणजे सवड मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ कशी लुळी पडते, ते पुढे तुम्हाला कळेलच.

मी हिंगोलीत मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. कडक शिकवला. पुराव्याशिवाय कुणी विधान केलं की मी वहीत लाल शाईनं 'कशावरून?' असं लिहायचे. माझ्या माघारी पोरी मला 'कशावरूनबाई' म्हणायच्या. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगू—आवडायचंही. गावात कुणाचा जुना दस्त वाचायचा असो, कुणाला अर्ज लिहून हवा असो, पंचनाम्याला भरवशाचा पंच हवा असो, बाईंना बोलवा. बाई वाचतील, बाई लिहितील, बाई म्हणतील ते बराबर.

आणि मला एक वेड होतं. छावणीतला बंगला.

निजामाच्या पैशानं पोसलेली आणि इंग्रजांनी चालवलेली फौजेची छावणी एकेकाळी हिंगोलीत होती, हे आता गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. त्या छावणीच्या एका डॉक्टर साहेबानं हा बंगला बांधला—व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, आपल्या विलायतेतल्या घराच्या आठवणीवर. काळ्या दगडाचं जोतं, टोकदार कमानींच्या खिडक्या, बग्गी उभी राहील एवढा मोठा पोर्च, दरवाजावर रंगीत काचा, आणि आत एक नाही, दोन शेकोट्या, वर धुराडी. हिंगोलीत! जिथे मे महिन्यात ओट्यावरच्या पितळी तांब्याला हात लावला तर चटका बसतो. साहेबाला शेकोटी कशाला लागत होती, देव जाणे. पण माझं त्या घरावर जे प्रेम बसलं ते त्या धुराड्यांमुळेच. इतक्या हट्टानं, इतक्या निरुपयोगी गोष्टीसाठी कुणी वीट आणि चुना खर्ची घालतं, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं.

छावणी उठली. बंगला निजाम सरकारच्या एका तहसीलदारानं घेतला. त्याच्या बेगमसाहेबांसाठी मागच्या व्हरांड्याला लाकडी जाळी बसली. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ते कुटुंब भेदरून हैदराबादला गेलं, आणि पुढे मुलगा येऊन, भिंतीला हात लावून, रडून, बंगला विकून गेला. घेतला एका सरकीवाल्या शेठनं. त्यानं दिवाणखान्यात कापसाच्या गाठी रचल्या. पुढे त्याचा धंदा बसला, आणि बंगला वकीलसाहेबांनी विकत घेतला—बायकोच्या नावावर. ती वकिलीणबाई म्हणजे आमच्या सुमतीकाकू. माझे वडील कोर्टात कारकून होते. त्यांचं बोट धरून मी पहिल्यांदा त्या पोर्चमध्ये उभी राहिले तेव्हा मी सहा वर्षांची होते. फरशीवर लाल-हिरवा उजेड पडला होता आणि मी त्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. काकूंनी मला उचलून पलीकडे नेलं.

पाहा, मी पुन्हा बंगल्याकडेच वळले. मला बंगल्याबद्दल बोलायला सांगा, मी दिवसभर बोलेन. जमनाबाईबद्दल बोलायची वेळ आली की मला पाणी प्यावंसं वाटतं.

जमनाबाई साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूल नव्हतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांची ती काकूंकडे कामाला आली. मागच्या दोन खोल्यांत राहिली. वकीलसाहेब गेले, काकू एकट्या पडल्या, गुडघे गेले, नजर गेली—आणि ही राहिलीच. चाळीस वर्षं. काकूंना मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या पुण्याला होता, तो दिवाळीला फोन करायचा. अंघोळ, औषध, भरवणं, उठवणं-बसवणं सगळं जमनाबाईच्या हातून. दोघी भांडायच्याही जोरात. चहात साखर किती, यावरून एकदा दोन दिवस अबोला होता.

मी नोकरीतून मोकळी होत आले तेव्हा बंगल्याचा इतिहास लिहायला घेतला. जुन्या खरेदीखतांच्या नकला मिळवल्या, उर्दू दस्त वाचून घेतले. पण घर मला कुणी दाखवलं? जमनाबाईनं. कोणतं कौल गळतं, कोणती खिडकी पावसाळ्यात फुगते, कोणत्या फळीच्या पाठीमागे विलायती अक्षरं कोरलेली आहेत—तिला न वाचता सगळं ठाऊक होतं. मी शिडीवर चढले की ती खालून शिडी धरायची आणि म्हणायची, "बाई, पडसान बरं. मंग म्या कोनाला तोंड दाखवू?" धुराड्याच्या आत शेठच्या काळातला कापूस अजून अडकलेला होता. तो तिनं हात घालून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. माझ्या वहीतली निम्मी माहिती तिची आहे. तिचं नाव मी कुठेही टाकलं नव्हतं. तेव्हा ते मला खटकलंही नाही.

आता येतं आहे. थांबा जरा.

एका दुपारी काकूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, कागद-पेन घे, मी सांगते ते लिही. मला वाटलं पुतण्याला पत्र असेल. त्यांनी मृत्युपत्र सांगायला सुरुवात केली. बंगला, मागच्या खोल्या, विहीर, आवार—सगळं माझ्या पश्चात जमनाबाईचं. तिनं इथे राहावं, कुणी तिला उठवू नये. एवढंच. मी विचारलं, काकू, हे साध्या कागदावर कसं चालेल? तशा त्या हसल्या. वकिलाची बायको आहे गं मी, म्हणाल्या, मृत्युपत्राला ना शिक्का लागतो ना कचेरी. शुद्धीतली सही आणि दोन साक्षीदार, झालं. एक साक्षीदार मी. दुसरे उस्मानचाचा. ते सुतार, बंगल्याच्या खिडक्यांची दुरुस्ती तेच करायचे, आणि त्या दुपारी मागे एका झडपेला रंधा मारत होते. हाताचा भुसा झटकून आले, काकूंच्या डोळ्यांत एकदा पाहिलं, आणि उर्दूत सही केली.

मग काकूंनी जमनाबाईला हाक मारून सांगितलं. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. म्हणाली, "मला काय करायचा एवढा मोठा बंगला? झाडता झाडता कंबर जाईल माझी." काकू म्हणाल्या, "मग आतापर्यंत काय पुतण्या झाडत होता?" आम्ही चौघं हसलो. मीही हसले. पण लिहिताना माझा हात एकदा अडला होता—'जमनाबाई' हे नाव लिहिताना. मला वाईट वाटलं. कुणासाठी? तर बंगल्यासाठी. डॉक्टर साहेब, तहसीलदार, शेठ, वकील... आणि मग ही? असं माझ्या मनात आलं. मी ते लगेच झटकलं. पण आलं होतं.

कागद काकूंनी माझ्याकडेच ठेवायला दिला. जमनीकडे दिला तर पुतण्या आल्याबरोबर ती चहाच्या बशीत घालून त्याच्या हातात देईल, असं म्हणाल्या. ते खरंच होतं. तू ठेव, तू शिकलेली आहेस.

त्याच हिवाळ्यात उस्मानचाचा गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला काकू गेल्या. आणि पुतण्या आला.

मी तुम्हाला सांगू शकले असते की पुतण्या लबाड होता, त्यानं मला फसवलं. तसं नव्हतं. तो माझ्याशी फार चांगलं बोलला. बंगल्याच्या कागदांविषयी त्यानं मला काही विचारलंच नाही. माझी वही मात्र मागून घेतली, एका बैठकीत वाचून काढली, आणि डोळे पुसत म्हणाला की आमच्याच घराचा इतिहास आम्हाला ठाऊक नव्हता. बंगला पहिल्यासारखा करू, म्हणाला. एका खोलीत तुमची कागदपत्रं काचेच्या कपाटात ठेवू. फाटकाजवळ संगमरवराची पाटी लावू—सगळ्या मालकांची नावं क्रमानं, आणि खाली संशोधन म्हणून तुमचं नाव. आजवर माझ्या वहीचं एक पानही कुणी मागून घेतलं नव्हतं. नवरा म्हणायचा, त्या धुराड्यांतून तुला काय सापडणार आहे, काजळी? आणि हा माणूस पुण्याहून येऊन संगमरवर म्हणत होता.

मृत्युपत्राबद्दल मी त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. दहाव्यानंतर सांगू म्हटलं. वह्यांच्या खाली तो कागद होता आणि मी त्यावर आणखी वह्या ठेवत गेले.

मग वारसाची नोंद करायला कचेरीतला कारकून पंचनाम्याला आला. पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या. पंच म्हणून पाच माणसं—औषधाच्या दुकानाचे मालक, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारचे दोघे, आणि मी. कारकुनानं मजकूर लिहायला घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मयताला आनखी कोनी वारस? मृत्युपत्र, बक्षीसपत्र, असं काही केलेलं हाय का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच. त्या घराचं मला माहीत नाही असं काय होतं?

जमनाबाई चहाचा ट्रे घेऊन खांबाजवळ उभी होती. तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काळजी नव्हती, मागणं नव्हतं. एखाद्या दुकानदारानं विचारावं आणि पिशवी ज्याच्या हातात आहे त्यानं उत्तर द्यावं, इतक्या सहज ती वाट पाहत होती. कागद माझ्याकडे, म्हणजे कागदाचं मीच बोलणार.

मी म्हणाले, "नाही. माझ्या माहितीत असं काही नाही."

कारकुनानं पेनानं जमनाबाईकडे दाखवून विचारलं, "आन् ह्या?"

मी म्हणाले, "त्या कामाला आहेत."

झालं. दोन वाक्यं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत 'कशावरून' लिहिणाऱ्या बाईला कुणी कशावरून असं विचारलं नाही. मी पहिली सही केली. बाईंची सही आहे म्हटल्यावर बाकीच्या चौघांनी वाचूनही पाहिलं नाही. आणि जमनाबाई? ती काही बोलली नाही. तुम्ही म्हणाल, का नाही बोलली? ती अंगठा उठवणारी होती. शिकलेली माणसं कागदावर बसली की आपण मध्ये तोंड घालू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाई असं म्हणतात तर त्यात काही असेल, बाईंनी काही विचार केला असेल. तिनं सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. मी प्याले.

का केलं मी हे?

बारा वर्षं मी स्वतःला कारणं सांगते आहे. पुतण्यानं दावा लावला असता, बिचारी जमनाबाई कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मेली असती. एवढा बंगला तिला सांभाळता आला नसता, कुणीतरी तिला गंडवून घेतलाच असता. पुतण्याच्या हातात घर टिकेल, तिच्या हातात पडेल. ही सगळी कारणं चांगली आहेत. नीट मांडली तर पोरींना मी पैकीच्या पैकी दिले असते. पण पोर्चमध्ये त्या क्षणी यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात ती पाटी होती. पांढरी, कोरलेल्या अक्षरांची. त्या पाटीवर शेवटची ओळ जमनाबाई, तांडा अमुक—हे मला बघवेना. माझ्या यादीचा शेवट भांडी घासणाऱ्या बाईवर व्हावा, हे मला सहन झालं नाही. आणि त्या पाटीखाली माझं नाव यायचं होतं.

हे असं आहे. मी ते आणखी नीटनेटकं करून सांगू शकत नाही.

पुतण्यानं तिला दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. अगदी नम्रपणे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. खुर्चीवर बसली नाही, कधीच बसायची नाही, दाराशी जमिनीवर टेकली. मग तिनं विचारलं, "बाई, त्यो कागद कच्चा निघाला व्हय?"

तिनंच मला वाट करून दिली, बघा. तिनं तो विचार आधीच करून ठेवला होता. बाई खोटं बोलल्या, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कागदच कच्चा असणार. कागद माझ्यापासून दहा हातांवर, कपाटात होता. पक्का. काकूंची सही, चाचांची सही, माझी सही. मी उठून तो काढायला हवा होता. अजून काही बिघडलं नव्हतं, एका दिवसात सगळं उलटवता आलं असतं. मी उठले नाही.

मी म्हणाले, "हो. कच्चा निघाला."

आणि मला रडू फुटलं. ते खरं रडू होतं, त्यात नाटक नव्हतं, याची मला जास्त लाज वाटते. जमनाबाई घाबरली. उठून माझ्याजवळ आली. तिनं कधी मला हात लावला नव्हता, त्या दिवशी पाठीवरून हात फिरवला. "तुमी काहून रडून राहिल्या, बाई? तुमचा काय कसूर हाय त्याच्यात? काकूनं जीव लावून दिलतं, माझ्या नशिबात न्हाई. तुमी काई मनाला तकलीफ करून घेऊ नका." मग आत जाऊन तिनं मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरातलं.

दिवाळीच्या आधी ती एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं घेऊन तांड्यावर भावाकडे जायला सेनगावच्या गाडीत बसली. मी स्टँडवर गेले होते. प्रवासात खायला बिस्किटांचा पुडा दिला. बिस्किटांचा पुडा!

बंगल्याचं काय झालं ते ऐका. वर्षभरात पुतण्यानं तो विकला. त्यालाही कुणी दोष देऊ नये, त्याच्या मुलाचं परदेशातलं शिक्षण होतं. घेणाऱ्याला जागा हवी होती, मंगल कार्यालयासाठी. जेसीबी आला तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे गर्दीत उभी होते. पहिला धक्का धुराड्याला बसला. ते सरळ खाली आलं नाही, आधी वाकलं. एका वार्ताहरानं मला ओळखलं, आणि मी त्याला पदर डोळ्याला लावून सांगितलं की आपल्या लोकांना वारशाची किंमत नाही. दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. गावातल्या कितीतरी लोकांनी माझं सांत्वन केलं. तो बंगला जमनाबाईच्या नावावर असता तर ती तिथून हलली नसती. तिनं चाळीस वर्षांत एक कौल कमी होऊ दिलं नव्हतं.

पाटी अर्थातच कधी झाली नाही. पुस्तक झालं. स्वतःच्या खर्चानं छापलं, वाचनालयात छोटासा समारंभ झाला. 'छावणीतल्या बंगल्याचे मालक' असं त्यात एक प्रकरण आहे आणि मालक पाच आहेत. पाचवा पुतण्या. जमनाबाई एका ओळीत आहे—'घरातील विश्वासू सेविका'. त्या प्रकरणाचं प्रूफ मी तीनदा तपासलं. र्‍हस्व-दीर्घाची एक चूक सापडू दिली नाही.

एकदा मात्र मी साखऱ्याला गेले. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. पर्समध्ये तो कागद होता. तिच्यासमोर ठेवायचा, वाचून दाखवायचा, आणि मग ती म्हणेल ते ऐकायचं, असं पक्कं ठरवलं होतं. तिच्या भावाचं घर तांड्याच्या टोकाला. ती गोठ्याला लागून एका पडवीत राहत होती. बाज, पेटी, चूल. मला पाहून तिला फार आनंद झाला. शेजारपाजारच्या बाया गोळा केल्या. "ह्या आमच्या बाई. बंगल्याचं समदं पुस्तक लिव्हलं ह्यायनं." मग तुरीच्या सोल्यांची आमटी, भाकरी, लसणाचा ठेचा. भाच्याची धाकटी लेक आठवीत होती, तिला माझ्या पाया पडायला लावलं आणि म्हणाली, "ह्यायच्यावानी शीक. बाई कधी खोटं बोलत न्हाईत." पोरगी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जेवले. निघताना जमनाबाईनं पिशवीत तुरीच्या शेंगा भरून दिल्या. पर्स मी उघडलीच नाही. म्हणजे उघडली, एकदा, तिकिटाचे पैसे काढायला.

कागद अजून कपाटात आहे. दाखवायची हिंमत झाली नाही, फाडायचीही झाली नाही.

जमनाबाई गेल्या चैत्रात गेली. भाच्याचा फोन आला, दिवसकार्याला या म्हणाला, तुमचं नाव घ्यायची सारखी. मी गेले. तांड्यासमोर कापडी मांडव टाकला होता, सत्तर-ऐंशी माणसं असतील. जेवणाआधी कुणीतरी म्हणालं, बाई आल्यात, बाईंना दोन शब्द बोलू द्या. मी उभी राहिले. आता ती नव्हती. बंगला नव्हता. काकू नव्हत्या, नवरा नव्हता. खरं बोलले असते तर कुणाचं काय गेलं असतं? माझी अब्रू. एवढीच उरली होती आणि तीही तिच्याच जिवावर. सगळे माझ्याकडे पाहत होते, ती आठवीतली पोरगी आता कॉलेजात जाणारी झालेली, तीही पाहत होती. मी म्हणाले, "जमनाबाईंनी चाळीस वर्षं त्या बंगल्याची इमानदारीनं राखण केली." बायांनी डोळ्यांना पदर लावला. मी आणखीही बोलले, चांगलं बोलले. मालकीण हा शब्द मी उच्चारला नाही.

जेवणं झाल्यावर भाचा एक नवं लुगडं घेऊन आला, हिरवं, अजून घडी न मोडलेलं. माझ्या हातात देत म्हणाला, "आत्यानं सांगून ठेवलं व्हतं, बाई. म्या गेल्यावर आमच्या बाईला लुगडं द्या, इसरू नका."

मी विचारलं, कधी सांगितलं? म्हणाला, सहा महिने झाले असतील, शेतात जाता जाता बोलली. ना कागद, ना साक्षीदार. तो एकटाच ऐकणारा होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यानं सेनगावला जाऊन लुगडं विकत आणलं होतं.

मी ते घेतलं, आणि चारच्या गाडीनं परत आले.